कोठीचा तळ दिसला तेव्हा

आर्वी तालुक्यातल्या आमच्या घरचं स्वयंपाकघर तोडायचं दिवाळीतच ठरलं होतं, पण मी हात लावू दिला नाही. कापूस, मग तूर, मग हरभरा. घरात माणूस टिकत नाही, आणि मिस्तरीच्या हाताखालचे मजूरही शेतात. शिवाय कोपऱ्यात गव्हाची पत्र्याची कोठी, भरलेली. रिकामी केल्याशिवाय ती चार माणसांच्यानं हलत नाही. एप्रिल-मे म्हणावं तर कुरडया, पापड, वर्षाचं तिखट. मधे उरते ती होळीनंतरची फट, जुना गहू सरत आलेला आणि नवा अजून भरायचा. कोठीचा तळ दिसला त्या दिवशी मी ह्यांना म्हटलं, "आता बोलवा मिस्तरीले."

मिस्तरी येण्याच्या तीन दिवस आधीच मी शेगडी पडवीत नेली. आतलं स्वयंपाकघर धडधाकट असताना. घरचे हसले. पहिल्याच सकाळी सांडशी आणि गाळणी सापडेना. दोन्ही बांधलेल्या पोत्यात. मिक्सर लावायला पडवीत प्लग नव्हता. दुपारी वारा सुटला की बर्नर विझायचा, आणि याची मला खरी भीती वाटली, कारण सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. शेगडी बाकावर ठेवली, सिलिंडर खाली उभा, वाऱ्याच्या बाजूला कूलरचा जुना पत्रा, बाकी तिन्हीकडून मोकळं. रात्री रेग्युलेटर बंद. हे सगळं तोडफोड सुरू असताना सुचलं असतं का? नाही. कारण तोवर मिस्तरी आणि त्याचे तीन मजूर दिवसातून दोनदा चहाची वाट बघत असतात.

आत्याबाईंचं वेगळंच. "माह्या चुलीले हात लावाचा नाही, सांगून ठेवतो," असं त्यांनी बजावलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच माती कालवून अंगणात नवी चूल घातली. भाकरी तिथंच होत राहिल्या. देव त्यांनी स्वतः उचलून माजघरात नेले.

ओट्याच्या उंचीवर बराच वेळ गेला. मिस्तरी म्हणे सगळीकडे 32 इंचच करतो. मी पडवीत विटा रचल्या, वर फळी, फळीवर पोळपाट, आणि दहा पोळ्या लाटल्या. कंबर वाकत होती. एक फरशीचा तुकडा खाली सरकवला, 33 झाले, खांदेही उचलले जाईनात. तेवढंच ठेवलं. टाइल्स मोजून दहा टक्के जास्त घेतल्या, सगळ्या खोक्यांवर एकच शेड नंबर बघून. नंतर आणलेली खोकी रंगानं जुळतीलच असं नाही.

एवढं करूनही फसलोच. भिंतीतून वायर कुठून जाते हे घरात कोणालाच आठवत नव्हतं. छन्नी बरोब्बर तिच्यावर पडली, ठिणगी उडाली, अख्खं घर अंधारात. मेन स्विच बंद करायला मी सांगितलं नाही, मिस्तरीनं विचारलं नाही. नशीब, छन्नीची मूठ रबरी होती. त्यानंतर मात्र प्लास्टर चढण्याआधी प्रत्येक पाइप आणि वायरशेजारी टेप धरून मोबाइलवर फोटो काढून ठेवले.

धूळ कशी असते ते कटर चालल्यावर कळलं. डाळींचे डबे ओल्या फडक्यानं गुंडाळून आतल्या खोलीत नेले होते, दाराच्या फटीत गोधडी कोंबली होती. माठ विसरले. संध्याकाळी त्यातल्या पाण्यावर पांढरी साय.

आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो. ओट्याच्या सिमेंटला सात दिवस पाणी मारायचं, म्हणून दोनशे लिटरचा ड्रम आधीच भरून ठेवला होता. ते काम आत्याबाईंनी कोणाला दिलं नाही. सकाळ-संध्याकाळ तांब्या घेऊन उभ्या. मी म्हटलं, पोतं ओलं करून टाकलं तर वारंवार यावं लागणार नाही. "पोतं बी टाकतो अन् पानी बी देतो," म्हणाल्या.

एप्रिलमध्ये नवा गहू उन्हात वाळवून कोठीत भरायला घेतला, तर कोठीखाली ठेवायला काही नव्हतं. ओट्याची उंची बघायला रचलेल्या विटा पडवीत तशाच पडल्या होत्या. त्यातल्या चार उचलून लावल्या.