फोकर आइनडेकर: गोळी पात्याला का लागत नव्हती, आणि कधी लागायची

फोकर आइनडेकर हे पहिल्या महायुद्धातलं जर्मन लढाऊ विमान. त्याची बंदूक नाकावरच्या फिरत्या पंख्याच्या पात्यांमधून गोळ्या झाडायची. गोळी आणि पातं यांचा मेळ घालणाऱ्या यंत्रणेबद्दल नेहमी सांगितलं जातं ते असं, की पंख्याचं पातं नळीसमोर आलं की बंदूक थांबायची. प्रत्यक्षात उलटं होतं. वैमानिक कळ दाबायचा तेव्हा बंदूक झडायची नाही, फक्त झडायला मोकळी व्हायची. टोला मारायचं काम इंजिनाशी जोडलेल्या कॅमचं, म्हणजे कडेला उंचवटा असलेल्या फिरत्या चकतीचं. कॅमचा उंचवटा दांडा ढकलायचा, दांडा बंदुकीचा घोडा पाडायचा, आणि हे सगळं पातं नळीसमोरून सरकल्यावर.

आता हिशेब बघा. 1200 आरपीएमला (मिनिटाला 1200 फेऱ्या) दोन पात्यांच्या पंख्याचं पातं नळीसमोरून मिनिटाला 2400 वेळा जातं. मोकळी सोडली तर बंदूक मिनिटाला साधारण 450 गोळ्या झाडते. फेरीला एक टोला धरला, तर पुढची गोळी तयार होईपर्यंत दोन टोले वाया जातात आणि तिसरा लागू पडतो. म्हणजे मिनिटाला 400. इंजिन 1000 वर आणलं की 333. माऱ्याचा वेग असा इंजिनाच्या हातात.

घोळ व्हायचा तो वेळेचा. 1200 आरपीएमला पंखा एका मिलिसेकंदात 7.2 अंश फिरतो. एखादं काडतूस 10 मिलिसेकंद उशिरा पेटलं तर पातं 72 अंश पुढे गेलेलं असतं. कॅम झिजला किंवा दांड्यात ढिलाई आली, की हीच चूक प्रत्येक गोळीला. म्हणून जुळणी एकदा करून भागत नाही, आणि ती वेगवेगळ्या आरपीएमला तपासावी लागते.

विमान म्हणून आइनडेकर बेताचंच. त्याच्या ई.III या प्रकाराला 100 अश्वशक्तीचं ओबेरउर्सेल रोटरी इंजिन, वेग ताशी 140 किलोमीटरच्या आसपास. एलरॉन (विमान कलतं करणाऱ्या, पंखाच्या मागच्या कडेच्या झडपा) नाहीत, तारा ओढून अख्खा पंख पिळायचा. (जर्मन वैमानिक इमेलमनच्या नावाची आजची गिरकी या पिळाच्या पंखांवर जमली असेल, हे मला पटत नाही.) तरी 1 जुलै 1915 ला जर्मन वैमानिक कुर्ट विंटगेन्सने या बंदुकीने पहिलं विमान पाडलं, आणि 12 जानेवारी 1916 ला प्रत्येकी आठ विमानांवर बोल्के आणि इमेलमन या वैमानिकांना 'पूर ल मेरिट' हे मानाचं लष्करी पदक मिळालं.

बंदुका वाढवल्या की जुळवायच्या यंत्रणाही वाढतात. 31 मे 1916 ला इमेलमनच्या दोन बंदुकांच्या ई.IV वर जुळणी चुकली आणि स्वतःच्याच गोळ्यांनी पात्याचं टोक उडालं. पंख्याचा तोल गेला, हादऱ्यांनी इंजिन बुडातून सुटायची वेळ आली. इग्निशन बंद करून तो तरंगत उतरला. 18 जूनला मात्र त्याचं ई.III हवेतच मोडलं. ब्रिटिशांनी ते आपल्या एफ.ई.2बी या लढाऊ विमानाच्या खाती मांडलं. जर्मनांनी पुन्हा पंख्याकडेच बोट दाखवलं.