तुम्ही विचारलंत म्हणून: जाहिरातीविना गिऱ्हाईक

'जाहिरातीवर रुपया न घालता मसाल्याच्या धंद्याला एवढी माणसं जोडलीत कशी?' सानपाड्याच्या भाजीवाल्यापासून माझ्या एमबीए भाच्यापर्यंत सगळे विचारतात, आणि विचारताना मला घबाड सापडल्यासारखं बघतात.

घबाड कसलं! व्हॉट्सॲपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण मावतात, आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच निरोप पोचतो. म्हणजे दारोदार मसाला द्यायचा आणि दारातच उभं राहून 'नंबर सेव्ह करा हं' म्हणायचं. उन्हाळ्यात एपीएमसीच्या मसाला मार्केटमधून मिरची आणली, की ज्याला बघायचंय त्याला डंकीवर, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रावर, बोलवायचं. बायका येत, बेडगी किती, संकेश्वरी किती विचारत, दगडफूल निवडलंय का बघत, आणि पुढच्या खेपेला जावेला घेऊन येत. यात गुपित नाही. पाय दुखतात, बस्स.

त्यातून ग्रुप झाला. त्याचं पुढे काय झालं, हे मात्र कुणी विचारत नाही.

गेल्या उन्हाळ्यात लाल तिखटात बेडगी जास्त घेतली, संकेश्वरी कमी. रंग चढला, तिखटपणा उतरला. सीवूड्सच्या एका जुन्या ताईंनी ग्रुपवर लिहिलं, 'दादा, यंदा रंग घातलात का?' प्रश्न रास्त होता. मी डंकीवर होतो, त्या दणदणाटात फोन कुठला ऐकू येणार? नंतर पाहतो तर बायका त्यांच्यावर तुटून पडलेल्या. कुणी म्हणे दुसऱ्या मसालेवाल्याने पेरलंय, कुणी थेट त्यांच्या स्वयंपाकावर घसरलेली. मी लिहायला घेतलं, तेवढ्यात नेरूळच्या काकूंचा निरोप: 'दादा, तुम्ही बोलू नका, आम्ही बघतो.'

तरी मी ग्लासभर पाण्यावर चिमूटभर तिखट भुरभुरून व्हिडिओ टाकला. वरून घातलेला रंग असला तर त्याच्या रेघा लगेच खाली उतरतात. मिरचीचा स्वतःचा रंग तेलात सुटतो, पाण्यात असा उतरत नाही. रेघ उतरली नाही. ग्रुपवर जल्लोष! ताई तोवर ग्रुप सोडून गेल्या होत्या. फोन केला तर म्हणाल्या, 'तिखटाचं राहू द्या हो. तुमच्या बायकांनी माझ्या सासूबाईंपर्यंत काढलं.'

मग मी ग्रुपवर लिहिलं, शंका विचारणं हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे, जे बोलल्या त्यांनी ताईंची माफी मागावी. कुणी मागितली नाही. काकू बाहेर पडल्या, आणि त्यांच्या सोसायटीची सगळी ऑर्डर त्याच गोळा करायच्या, तीही गेली. आई म्हणते, तुझ्यासाठी भांडलेल्यांना तू चारचौघांत उतरवलंस, एकेकीला फोन करायचास. असेलही. पण ताईंना ज्यांनी चारचौघांत बोलून घेतलं, त्यांना समज मात्र कानात द्यायची?

धंदा नवा असतानाचा मी असतो तर तो स्क्रीनशॉट मित्रांना दाखवत फिरलो असतो: बघा, गिऱ्हाईक माझ्यासाठी भांडतंय! त्या माणसाला आज वेड्यात काढता येत नाही. काकूंसारख्यांच्या त्याच हट्टी मायेवर हा धंदा उभा राहिला.

मध्यंतरी ग्रुपवर फक्त ॲडमिनला लिहिता येईल असं करून ठेवलं. शांतता झाली, आणि नवीन गिऱ्हाईक यायचंही थांबलं. परत मोकळा केला. सध्या गोड्या मसाल्यात खोबरं किती भाजायचं यावरून जुंपलीय, आणि मी डंकी बंद करून करून फोन बघतोय. जाहिराती करणारा एक पोरगा अधूनमधून येऊन रीलचे दर सांगतो. पूर्वी त्याला दारातूनच वाटेला लावायचो, हल्ली चहा पाजतो.