पानावरचा थेंब

आज सकाळी सगळ्यात लहान पिल्लाने पानावरचा थेंब स्वतःहून चाटला आणि माझा जीव भांड्यात पडला! इथे टेक्सासमध्ये येमेनकडच्या व्हेल्ड शॅमेलिऑनची (रंग बदलणाऱ्या सरड्याची) ११ पिल्लं वाढवतेय. अंडी फुटायची वाटच सात महिने पाहिली होती. ही वाटीतलं पाणी पीत नाहीत, म्हणून दिवसातून तीन-चारदा पानांवर बारीक फवारा मारायचा. त्यांच्या खाण्यातल्या फळमाश्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरायची, यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा हवाच, नाहीतर हाडं मऊ पडून वाकतात. परवा दोघं एकमेकांना बघून ताणाने काळवंडली, लगेच वेगळी केली. (आपल्याकडचा घोयरा, म्हणजे भारतीय शॅमेलिऑन, मात्र झाडावरच राहू द्या, १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे.) आता दिवे मालवलेत. फिकट पडलेली पिल्लं शेपटीची गुंडाळी करून फांद्यांवर झोपलीत, आणि माझा पाय काही तिथून निघत नाही.