पन्नास फुटांची दोरी

आईने गाजरं स्वच्छ धुतली, पुसली, कागदात गुंडाळली आणि आपल्या कापडी पिशवीत ठेवली. "घोडे बघायला चाललोय ना, मग रिकाम्या हाताने कसं जायचं?"

मी तिला सांगितलं, "आई, त्यांना काही द्यायचं नसतं. तसा कायदाच आहे तिथे."

"घास द्यायला कसला कायदा?" ती म्हणाली आणि पिशवी मांडीवर घेऊन गाडीत बसली. माझ्याकडे तेव्हा तिला पटेल असं उत्तर नव्हतं. कायदा आहे हे मला माहीत होतं, दंड होतो हेही माहीत होतं. पण आयुष्यभर दाराशी आलेल्या जनावराला काही ना काही देणाऱ्या बाईला दंडाची भाषा काय समजावणार?

आम्ही राहतो अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, नॉरफोकला. तिथून कोरोला नावाचं गाव, जिथे आम्ही चाललो होतो, नकाशावर अगदी शेजारी दिसतं. पण किनाऱ्याने सरळ खाली जायला गाडीरस्ताच नाही. मधे अभयारण्य आहे, राखीव किनारा आहे, आणि उत्तर कॅरोलायनाची हद्द लागते तिथे आडवं कुंपण. त्यामुळे आधी जमिनीवरून दक्षिणेला उतरायचं, लांब पूल ओलांडून आउटर बँक्स नावाच्या वाळूच्या पट्ट्यावर जायचं आणि मग समुद्र उजव्या हाताला ठेवून पुन्हा उत्तरेकडे यायचं. दोन-अडीच तास जातात. बाबांनी सगळा रस्ता नकाशावर बोट ठेवून पाहिला. एका बाजूला अटलांटिक, दुसऱ्या बाजूला करिटकची खाडी आणि मधे इतकी चिंचोळी जमीन की काही ठिकाणी दोन्हीकडचं पाणी एकदम दिसतं.

याच पट्टीवर ते रानटी घोडे आहेत. स्पॅनिश जहाजांतून आलेल्या घोड्यांचे हे वंशज, असं मानतात. चार-पाच शतकं ते इथलं खरखरीत गवत, ओकची फळं, रानातली पर्सिमन नावाची फळं असं मिळेल ते खात, खारं वारं झेलत जगले. अंगाने बुटके, छाती अरुंद, आयाळ दाट. रंग बहुतेक काळ्या आयाळीचा तपकिरी, तांबूस किंवा काळा. १९२६ साली नॅशनल जिऑग्राफिक मासिकाने या संपूर्ण किनारपट्टीवर पाच ते सहा हजार घोडे असल्याचं छापलं होतं. आज कोरोलाच्या कळपात शंभराच्या आसपास उरलेत.

मधे काय झालं? रस्ता झाला.

१९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत कोरोलाकडे जाणारा रस्ता खासगी होता, त्यावर पहारा असायचा. गाव म्हणजे मूठभर घरं, टपालकचेरी आणि १८७५ पासून उभं असलेलं लाल विटांचं दीपगृह. मग सरकारने रस्ता ताब्यात घेतला, बारा नंबरचा राज्यमार्ग सगळ्यांसाठी खुला झाला आणि सुट्टीच्या घरांची रांगच लागली. दहा-दहा, पंधरा-पंधरा खोल्यांची, खांबांवर उभी केलेली, आठवड्याच्या भाड्याने देण्यासाठी बांधलेली घरं. घोड्यांना त्याचं काय कळणार? ते आपल्या सवयीच्या वाटेने चालत राहिले आणि गाड्यांखाली मरू लागले. १९८९ मध्ये गावातल्याच लोकांनी एकत्र येऊन कोरोला वाइल्ड हॉर्स फंड स्थापन केला. आधी रात्री चमकणारे पट्टे, इशारेवजा पाट्या असं बरंच करून पाहिलं. शेवटी १९९०च्या दशकात समुद्रापासून खाडीपर्यंत कुंपण घातलं आणि उरलेला कळप कुंपणापलीकडे, उत्तरेला नेला, जिथे डांबरी रस्ता संपतो.

म्हणजे गाव घोड्यांचं होतं, आणि घोड्यांना गाव सोडावं लागलं. मला ही गोष्ट दर वेळी खुपते. पण तसं केलं नसतं तर आज बघायला एकही घोडा नसता, हेही तितकंच खरं.

कुंपणापलीकडची जमीन सुमारे साडेसात हजार एकर. वाचायला पुष्कळ वाटते. पण तिच्यातली बरीचशी खासगी मालकीची आहे; प्लॉट पाडलेले आहेत, आणि दर वर्षी त्यांतल्या काहींवर घरं उठतात. जिथे काल घोडी शिंगराला घेऊन सावलीत उभी होती, तिथे आज खांब रोवलेले दिसतात. शिवाय कळप किती मोठा असावा यावरही मतभेद आहेत. जुना आराखडा साठ घोड्यांचा होता. आनुवंशिक वैविध्य आधीच घटलेलं आहे, त्यामुळे साठांवर कळप टिकणार नाही, निदान ११० तरी हवेत, असं फंडाचं म्हणणं. तशी तरतूद असलेलं विधेयक अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने २०१२ मध्ये मंजूर केलं, २०१३ मध्ये पुन्हा केलं. दोन्ही वेळा ते सिनेटमध्ये अडकलं.

आम्ही शुक्रवारी संध्याकाळी पोचलो. दीपगृहापासून जवळच एका हिरवळीवर गाण्याचा कार्यक्रम होता, जमणारे सगळे पैसे घोड्यांसाठी. बाबांना बँजो प्रत्यक्ष ऐकायचा होता, म्हणून घड्या घालायच्या खुर्च्या घेऊन गेलो. मंच म्हणजे एक लाकडी चौथरा. बँजो, फिडल म्हणजे व्हायोलिन, मँडोलिन, गिटार आणि उभा मोठा बास. भोवती बहुतेक सुट्टीला आलेले लोक, वाळूने भरलेल्या पायांची मुलं.

तीन-चार गाणी झाली आणि फिडल वाजवणाऱ्या बाईंनी वाद्य खाली ठेवलं. त्यांनी दोरीचं एक वेटोळं उचललं, एक टोक आपल्या हातात धरलं आणि वेटोळं एका मुलाकडे दिलं. "संपेपर्यंत चालत जा," म्हणाल्या. मुलगा लोकांच्या मधून, खुर्च्यांमधून वाट काढत निघाला. दोरी उलगडत गेली. आम्हाला वाटलं आता थांबेल, तर नाही. तो आमच्या रांगेपर्यंत आला तेव्हा कुठे दोरी संपली. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि ते टोक माझ्या आईच्या हातात दिलं.

"ते पन्नास फूट आहेत," बाई मंचावरून म्हणाल्या. "मी घोडा. त्या जिथे बसल्यात, त्याच्या अलीकडे कोणीही यायचं नाही."

आईला इंग्रजी जेमतेम कळतं. मी हळूच सांगितलं. तिने दोरी घट्ट धरली, जणू काही मोठी जबाबदारी अंगावर आली आहे.

मग त्यांनी डॅनीची गोष्ट सांगितली. हे शिंगरू २०२० च्या उन्हाळ्यात मेलं. जेमतेम वर्षाचं होतं. कोणीतरी त्याला सफरचंद दिलं आणि ते त्याच्या घशात अडकलं. बाईंनी आवाज चढवला नाही, कोणाला दोष दिला नाही. या घोड्यांचं पोट पिढ्यान्‌पिढ्या रेताड गवतावर घडलेलं आहे. सफरचंद, गाजर त्याला सोसत नाही, पोटशूळ उठतो, आणि घोड्याचा पोटशूळ जिवावर बेततो, एवढं सांगितलं. आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला नवी होती. माणसाच्या हातून खायची सवय लागलेला घोडा गाड्यांजवळ येऊ लागतो, घरांच्या आवारात शिरतो. मग त्याला पकडून पलीकडच्या मुख्य भूमीवरच्या शेतावर न्यावं लागतं. एकदा बाहेर काढलेला घोडा परत कळपात सोडत नाहीत, कारण त्याच्याबरोबर रोग आत जाण्याचा धोका असतो. एका घासापायी त्याचा समुद्र आणि त्याचा कळप कायमचा सुटतो.

आईने हे सगळं माझ्याकडून ऐकलं. पिशवी खुर्चीखाली होती. ती काही बोलली नाही.

पुढचं गाणं शब्दांविना होतं, नुसती फिडल आणि बँजो. बाबा डोळे मिटून ठेका धरून बसले होते.

कार्यक्रम संपल्यावर बँजोवाले आजोबा वायरी गुंडाळत होते, तेव्हा बाबांनी मला पुढे करून त्यांना विचारायला लावलं की हे सगळं ते का करतात. त्यांचं उत्तर माझ्या मनात राहिलं. ते म्हणाले, आम्ही वाजवतो कुठे? उपाहारगृहांत, भाड्याच्या घरांतल्या लग्नांत, उन्हाळ्याच्या गर्दीपुढे. ज्या गर्दीने घोड्यांची जागा खाल्ली, तिच्यावरच आमची चूल पेटते. तेव्हा त्यातलं थोडं त्यांना परत द्यायला नको?

मला वाटतं, यामुळेच हे काम कलाकारांच्या हातून होतं. रस्त्याकडेच्या पाट्या मीही वाचल्या होत्या, कितीदा तरी, आणि आईला दोन वाक्यांत समजावता आलं नव्हतं. सुट्टीला आलेला माणूस व्याख्यानाला जाणार नाही, पण बँजो ऐकायला नक्की थांबतो. थांबला की दोरी त्याच्या पायाशी येते. आणि जमलेल्या पैशातून पशुवैद्य येतो, कुंपणाची दुरुस्ती होते, शेतावरच्या आजारी घोड्यांचा चारा येतो.

याच किनाऱ्यावर मस्टँग, म्हणजे रानटी घोडा, या नावाने संगीत महोत्सव भरतात, त्यांचा निधीही घोड्यांकडे जातो. आणि त्याच्याच जोडीने मस्टँग आउटरीच नावाचा उपक्रम चालतो, ज्यात मुरलेले वादक स्थानिक शाळकरी मुलांना बँडमध्ये वाजवायला शिकवतात. घोडे आणि गावातली मुलं, दोघांचा विचार एकाच मंचावरून, हे मला फार आवडलं. उद्या जमिनीचं काय करायचं हे ठरवणार तीच मुलं आहेत.

हे फक्त या किनाऱ्यावर होतं असंही नाही. देशाच्या दुसऱ्या टोकाला, नेवाडात, रीनो शहराच्या पूर्वेला व्हर्जिनिया रेंज नावाचे डोंगर आहेत. १९९८ च्या डिसेंबरात तिथे तीसहून अधिक घोडे गोळ्या घालून मारले गेले. त्याच डोंगरांत आता प्रचंड औद्योगिक वसाहत आहे; २०१४ मध्ये टेस्लाने आपल्या बॅटरीच्या कारखान्यासाठी हीच जागा निवडली. तिथल्या घोड्यांसाठी उभ्या राहिल्या लेसी जे. डाल्टन, १९८०च्या दशकात गाजलेल्या, 'कंट्री' म्हणतात त्या अमेरिकन ग्रामीण वळणाच्या संगीतातल्या गायिका. त्यांनी 'लेट एम रन', म्हणजे 'धावू द्या त्यांना', नावाची संस्था उभी केली.

रानटी घोड्यांना संरक्षण देणारा केंद्रीय कायदा १९७१ पासून आहे, पण तो ठरावीक सरकारी जमिनींपुरता. व्हर्जिनिया रेंजचे घोडे त्यात येत नाहीत, आणि कोरोलाचेही नाहीत. नेवाडाच्या दप्तरी तर ते मोकाट जनावरं आहेत. रानटी म्हटलं तर रान त्यांचं. मोकाट म्हटलं तर ते कोणाच्या तरी दावणीतून सुटलेले, म्हणजे हाकलायला मोकळे. एवढ्याशा शब्दाने इतका फरक पडतो, हे वाचलं तेव्हा मला रात्रभर अस्वस्थ वाटलं होतं.

शनिवारी सकाळी आम्ही चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणारी गाडी घेऊन निघालो. डांबर संपतं तिथे थांबून टायरमधली हवा कमी केली, कारण पुढे वाळू हाच रस्ता. ओहोटी होती. वाळूतून जुन्या झाडांचे काळे बुंधे वर आलेले; इथे कधीकाळी जंगल होतं, समुद्र सरकत आत आला आणि बुंधे किनाऱ्यावर उरले. बाबा दर बुंध्यापाशी "हळू, हळू" म्हणत होते.

तासभर काही दिसलं नाही. मग वाळूच्या उंचवट्यावरून एक घोडी खाली आली, मागे लांब पायांचं शिंगरू, आणि बऱ्याच अंतरावर नर. त्या तिघांच्या मागे एक नवं घर अर्धवट उभं होतं, छपराचे वासे उघडे. मी गाडी लांब थांबवली. आम्ही उतरलो आणि तिथेच उभे राहिलो. वाऱ्याने घोडीची आयाळ सगळी एका बाजूला उडत होती. शिंगरू पाण्यापर्यंत गेलं, लाट आली तसं दचकून मागे फिरलं आणि आईच्या पोटाला जाऊन चिकटलं.

माझ्या आईचा हात पिशवीवर गेला. मी पाहिलं. तिने पिशवीचे बंद दोन बोटांनी धरले, मग सोडले, आणि पिशवी बाबांकडे दिली.

घोडी आमच्याच दिशेने येऊ लागली. घाई नव्हती तिला. खाली मान घालून, वाळू हुंगत, पाऊल पाऊल. मी आईला म्हणणार होते की मागे ये, पण ती आधीच सरकली होती. घोडीवरची नजर न काढता, मनातल्या मनात फूट मोजत, ती एकेक पाऊल मागे घेत राहिली. चपला पाण्यात भिजल्या, साडीची किनार भिजली, तरी घोडी जितकी पुढे येई तितकी आई मागे जात होती.