लपेटफळा, टाचण आणि नववी ब

विलिंग्डनमधून इंग्रजी घेऊन बी.ए. झाले आणि बी.एड.ची सीईटी दिली. परीक्षेचा बाऊ करू नये. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न सोडायचा नाही, एवढं पुरे. इंग्रजी माध्यमाचं कॉलेज हवं असेल तर ईएलसीटी ही इंग्रजीची चाचणीही द्यावी लागते. कॅप राऊंडमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रवेशफेरीत, सांगलीतलंच कॉलेज मिळालं. मेथड, म्हणजे जो विषय शिकवायला शिकायचं तो, अर्थात इंग्रजी.

पहिल्यांदा सूक्ष्म अध्यापन, म्हणजे एकेका कौशल्याचा छोटासा सराव. 6 मिनिटं शिकवा, 6 मिनिटं अभिप्राय ऐका, 12 मिनिटांत पाठ नव्यानं बेता, परत 6 मिनिटं शिकवा, परत 6 मिनिटं ऐका. समोर 'विद्यार्थी' म्हणून आपलेच वर्गमित्र, आणि तेही इतके गुणी की प्रश्न संपायच्या आधी हात वर! सज्जता प्रवर्तन, म्हणजे मुलांना पाठासाठी तयार करणं, हे कौशल्य मला शेवटपर्यंत नाटकीच वाटलं. पाठाचं नाव आपल्याला माहीत, मुलांना माहीत, तरी ते त्यांच्या तोंडून काढेपर्यंत विषयाभोवती पिंगा घालायचा. फलकलेखन मात्र मनापासून करा. इंग्रजीच्या तासाला फळ्यावर जे स्पेलिंग दिसतं तेच वहीत जातं.

सरावपाठ आणि छात्रसेवाकाल (शाळेतली इंटर्नशिप) मिळून नियमानं 20 आठवडे शाळेत काढायचे असतात, पहिल्या वर्षी 4 आणि दुसऱ्या वर्षी 16. माझी शाळा तासगावच्या बाजूला होती. सकाळच्या एसटीत लपेटफळा (गुंडाळता येणारा फळा), चार्ट आणि डबा सांभाळत उभं राहायचं. कंडक्टर एकदा म्हणाले, "मॅडम, फळ्याचं अर्धं काढू का?"

वर्ग मिळाला नववी ब. मराठी माध्यम, म्हणजे इंग्रजी तृतीय भाषा. मुलं पहिलीपासून इंग्रजी शिकलेली, वाचताना अडत नव्हती. पण बोला म्हटलं की बाकाकडे बघायची. मला घटक आला पॅसिव्ह व्हॉइस. टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, मी 'राम ईट्स अ मँगो' छाप वाक्यंच घेतली होती, कारण सगळ्यांच्या टाचणात तीच असतात आणि तपासणाऱ्याला ती ओळखीची असतात. मुलांनी ती निमूटपणे उलटी करून दिली. कर्ता मागे, कर्म पुढे, काम झालं. असं का बोलायचं, हे कुणी विचारलं नाही आणि कुणाला पडलंही नव्हतं.

दिवस बेदाण्याचे होते. निम्मा वर्ग सुट्टीदिवशी शेडवर. म्हणून पुढच्या तासाला विचारलं, बेदाणा कसा करतात ते मला सांगा. तोवर मुक्या असलेल्या वर्गात एकच गलका झाला. घड तोडायचे, क्रेटमध्ये भरायचे, पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून काढायचे, रॅकवर पसरायचे, पंधरा दिवसांत वाळले की झाडायचे, मग प्रतवारी. मी एकेक पायरी फळ्यावर घेत गेले: 'द बंचेस आर कट. द ग्रेप्स आर डिप्ड. दे आर स्प्रेड ऑन रॅक्स.'

मागच्या बाकावरचा एक जण उठला. "ओ मॅडम, द्राक्षं आपोआप बुडत्यात व्हय? बुडवणाऱ्याचं नाव न्हाई लिवायचं?"

"कोण बुडवतं तुमच्यात?"

"आई."

"बेदाणा कसा होतो हे विचारलं, तर आईचं नाव लागतं का?"

तो थांबला. "न्हाई. कुणीबी बुडवलं तरी बेदाणाच हुतोय."

"आणि कुणी बुडवलं असं विचारलं तर?"

"मग बाय माय मदर."

पॅसिव्ह कधी वापरायचा आणि 'बाय' कधी जोडायचा, हे त्यानं दोन वाक्यांत सांगून टाकलं. मग गटागटानं वाक्यं लिहायला दिली. एका मुलीनं गुऱ्हाळ घेतलं, एकानं हळद शिजवणं. 'बॉइल्ड' आणि 'पॉलिश्ड' दोन्ही बरोबर आलं.

त्या पाठाला निरीक्षक होते. वहीवर शेरा पडला, 'मातृभाषेचा वापर जास्त. इंग्रजी तासात टाळावा.' पद्धत म्हणून त्यांचं खरं आहे, मेथडच्या तासाला आम्हीही तेच लिहून घेतलं होतं. पण वर्गाला आधी काही सांगायचं असतं आणि मग ते इंग्रजीतून सांगायचं असतं. पहिली पायरी मराठीत चढू दिली नाही तर दुसरीवर कुणी येतच नाही. मी मधला रस्ता काढला. सूचना कायम इंग्रजीतच आणि रोज त्याच शब्दांत: ओपन युवर नोटबुक्स, वर्क इन पेअर्स, वन मोअर टाइम. आठवडाभरात त्यांचा अर्थ सांगावा लागत नाही. मराठी फक्त माहिती काढून घेताना. पुढच्या पाठांचे शेरे सुधारले. वर्गातलं मराठी थोडंच कमी झालं होतं.

नव्यानं येणाऱ्यांना एक सांगते. आपले पाठ घेतोच, पण इतरांच्या पाठांचं निरीक्षण सही मिळवण्यापुरतं करू नका. मागच्या बाकावर बसलं की कोणत्या क्षणी मुलं खिडकीकडे बघायला लागतात ते स्वच्छ दिसतं. शिवाय टाचण आदल्या रात्री लिहायला घेतलं तर त्यात राम आणि आंबाच येतो.

सध्या टेटची, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीची, तयारी चालू आहे. 200 प्रश्न, 120 मिनिटं, आणि त्यानंतर शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल. तोवर गल्लीतल्या आठवी-नववीच्या मुलांच्या शिकवण्या घेते.