तुम्ही विचारलंत म्हणून: चर्चवाले दसऱ्याला दीक्षाभूमीकडे काहून?

दरवर्षी दसरा झाला की हा प्रश्न येतोच. ऑफिसमधलं कोणीतरी दीक्षाभूमीजवळच्या आमच्या स्टॉलवर पाणी वाटतानाचा फोटो बघतं आणि विचारतं, काहो, तुम्ही तर सदर भागातल्या चर्चमधले ना, मग तिथं काय करून राहिले? विचारणाऱ्याच्या मनात दोनपैकी एक शंका असते, एकतर आम्ही बाटवायला गेलो असू, नाहीतर स्वतःच तिकडे जायच्या बेतात असू. चर्चमधले काका पण विचारतात, त्यांना फक्त दुसरी शंका आधी येते.

उत्तर घरातलंच आहे. माझे आजोबा मिशनच्या दवाखान्यात वॉर्डबॉय होते, तिथेच बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांच्या मागे धम्मात गेला. गावात ज्या विहिरीवर दोघांनाही चढू देत नव्हते ती विहीर एकच होती, धर्म तेवढे पुढे दोन झाले. आता गंमत बघा, म्हणजे गंमत नाहीच ती. अनुसूचित जातीत कोणाला धरायचं हे ठरवणारा 1950 चा आदेश निघाला तो हिंदूंपुरता, 1956 ला त्यात शीख घेतले, 1990 ला बौद्ध घेतले, ख्रिश्चन अजून बाहेर. 2022 ला माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला याच विषयावर. तोवर चुलतभावाला अनुसूचित जातीचा दाखला मिळतो, मला नाही, आणि लग्नात आम्ही दोघं एकाच पंगतीत बसून आलूवांग्याच्या भाजीला नावं ठेवतो.

त्याच्या दाखल्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. राग येतो तो "बाप्तिस्मा घेतला ना, मग तुमची जात गेली" म्हणणाऱ्यांचा. कुठे गेली? 29 नोव्हेंबर 1970 ला आपल्या नागपुरातच सहा चर्चेस मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, एवढी मोठी एकी, पण माझ्या बहिणीच्या वेळी मुलाकडच्यांनी (उपासनेला आमच्याच पुढच्या बाकावर बसणारे बरं का) चहा संपता संपता विचारलंच, "तसे तुम्ही मूळचे कोण?" बाबांनी बशी खाली ठेवली आणि काहीच बोलले नाहीत. ते स्थळ तिथंच संपलं.

तर स्टॉल. पहिल्या वर्षी आम्ही शहाणपणा केला, पाण्याच्या ग्लासासोबत बायबलच्या वचनांची पत्रकं ठेवली. मराठवाड्यातून आलेल्या एका आजीने पत्रक हातात घेतलं, उलटंपालटं केलं, परत दिलं आणि म्हणाली, कागद राहू दे लेकरा, पाणी दे. तेव्हापासून पत्रकं बंद. बाबासाहेबांनी वीसेक वर्षं सगळे धर्म तपासून मग निर्णय घेतला, त्या माणसाच्या दारात उभं राहून आपण चार ओळींचं पत्रक वाटायचं म्हणजे आगाऊपणाच ना.

आता आम्ही पाणी देतो, पोहे देतो आणि पाय बघतो. हो, पाय. आमच्याकडे पवित्र गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पाळकसाहेब बारा जणांचे पाय धुतात, बायबलमधल्या योहानाच्या तेराव्या अध्यायात येशूने शिष्यांचे धुतले म्हणून, आणि ते बाराही जण घरून साबणाने पाय घासून, नवे मोजे घालून येतात, मी पण एका वर्षी तसाच गेलो होतो. इकडे रात्री दोनला अजनी स्टेशनकडून बायामाणसं चालत येतात, चपलेचा अंगठा तुटलेला, त्याला सेफ्टी पिन लावलेली, ती पिन टोचून टोचून बोटाला जखम, टाचेला फोड. कोमट पाण्यात पाय ठेवला की आधी माती सुटते, मग कळतं लागलंय कुठे. बहुतेक जण लाजून पाय मागे घेतात, "नको साहेब, तुम्ही नका हात लावू". हे वाक्य मला फार लागतं, कारण आजोबा पण दवाखान्यात डॉक्टरांना असंच म्हणायचे असं आजी सांगायची.

चुलतभाऊ शेजारी बसून पट्ट्या कापत असतो. नाताळला तो आमच्याकडे करंज्या तळायला येतो, त्याला मात्र कोणी विचारत नाही काहून गेला म्हणून.

यंदा पण रहाटे कॉलनी चौकाच्या अलीकडे असू. रात्री दोननंतर हात कमी पडतात, यायचं तर तेव्हा या. सेफ्टी पिना भरपूर आहेत, कापूस तेवढा घेऊन या.