गाण्यांतून इंग्रजी : या खेपेला नुसतं ‘इफ’

शब्दांची वही सध्या बाजूला ठेवली आहे. गाण्यांतून नवे शब्द मिळतात, पण बेताचेच. पॉप गाण्यांचा अर्धा संसार ‘लव्ह’, ‘टुनाइट’ आणि ‘बेबी’वर चालतो. गाण्यांकडून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे वाक्याचा साचा. ध्रुवपद पुन्हापुन्हा येतं, साचा तोंडात बसतो आणि बोलताना नियम आठवत बसावं लागत नाही. म्हणून आता गाणी निवडते ती व्याकरणाचा एकेक मुद्दा धरून. सध्या मुक्काम ‘इफ’वर.

सुरुवात बियॉन्सेच्या ‘इफ आय वेअर अ बॉय’ने (२००८). धडा शीर्षकातच आहे: नसलेल्या गोष्टीची कल्पना करताना ‘आय’बरोबरही ‘वेअर’. जोडीला ग्वेन स्टेफनीचं ‘रिच गर्ल’ (२००४) लावलं. ती ‘इफ आय वॉज अ रिच गर्ल’ म्हणते. गंमत म्हणजे ही ओळ ज्या गाण्यावरून घेतली आहे, ‘फिडलर ऑन द रूफ’ या १९६४च्या संगीतिकेतल्या, तिथे ‘इफ आय वेअर अ रिच मॅन’ आहे. चाळीस वर्षांत त्याच ओळीतल्या ‘वेअर’चं ‘वॉज’ झालं! बोलताना दोन्ही चालतं, परीक्षेत मात्र ‘वेअर’ लिहिलेलं बरं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो ग्लोरिया गेनरच्या ‘आय विल सर्व्हाइव्ह’ने (१९७८). सोडून गेलेला माणूस परत येऊन उभा आहे आणि बाई म्हणते, कुलूप बदलायला हवं होतं, तुझ्याकडची किल्ली काढून घ्यायला हवी होती. ‘शुड हॅव चेंज्ड’, ‘शुड हॅव मेड’, लागोपाठ दोनदा. हळहळ आणि चडफड एकत्र व्यक्त करायला याहून सोपा साचा नाही. गाताना त्याचं ‘शुडव’ होतं, म्हणून ‘हॅव’ शोधत बसू नका, तो ‘व’ पकडा.

पुढची ओळ तर सोन्यासारखी. सुरुवातीला ‘इफ आय’ड नोन’, शेवटाकडे ‘यू’ड बी बॅक’. दोन्हीकडे नुसता ‘ड’, पण पहिला ‘हॅड’चा आणि दुसरा ‘वुड’चा. ओळखायची खूण पुढच्या क्रियापदात असते: ‘नोन’ हे तिसरं रूप, म्हणून ‘हॅड’, ‘बी’ हे मूळ रूप, म्हणून ‘वुड’. आणि हा ‘वुड’ ‘झालं असतं’मधला नाही. आपण मराठीत ‘तू परत येशील हे माहीत असतं तर’ म्हणतो, सरळ भविष्यकाळ ठेवतो. इंग्रजीत मागच्या काळात उभं राहून पुढचं बोलायचं तर ‘विल’ला ‘वुड’ व्हावं लागतं. हे व्याकरणाच्या पुस्तकात दोन वेगळ्या प्रकरणांत असतं, इथे एका ओळीत. फक्त तो ‘ड’ पूर्ण वेगात जवळजवळ ऐकूच येत नाही. पाऊण वेगाने लावा, मग पूर्ण वेगात सोबत म्हणा. लिरिक्स शेवटी उघडा. डोळ्यांनी आधी वाचलं की कान आळशी होतात.

एरिक क्लॅप्टनचं ‘टिअर्स इन हेवन’ (१९९२) सुद्धा याच यादीतलं. तिथे ‘वुड’ आधी येतो, ‘इफ’ नंतर, आणि ‘इफ आय सॉ यू’मधला ‘सॉ’ भूतकाळी रूपात असूनही भूतकाळाचं काहीच सांगत नाही. साचा सुरेख आहे. पण चार वर्षांच्या मुलाच्या मृत्यूनंतर बापाने लिहिलेलं गाणं सरावासाठी लूपवर टाकवत नाही. एकदा नीट ऐकलं, टिपून घेतलं, बस.

आणि हो, ऐकलेलं सगळं लिहायचं नसतं. रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’मधलं ‘आय कान्ट गेट नो’, बीटल्सच्या ‘टिकेट टू राइड’मधलं ‘शी डोन्ट केअर’, दोन्ही गाणी १९६५ची. एकात दोन नकार, दुसऱ्यात ‘डझन्ट’च्या जागी ‘डोन्ट’. अशांसाठी वहीत वेगळं पान आहे: खुशाल गा, ईमेलमध्ये नको.

पुढच्या खेपेला ‘यूज्ड टू’. मराठीतल्या ‘जायचो’, ‘करायचो’चं काम हाच साचा करतो, त्यामुळे अवघड जाऊ नये. गोटीएचं ‘समबडी दॅट आय यूज्ड टू नो’ (२०११) काढून ठेवलं आहे. त्यात ‘ड’ पुढच्या ‘ट’मध्ये विरघळून ‘यूस्टू’ होतं, म्हणजे पुन्हा कानाचंच काम. त्यानंतर कर्मणी प्रयोग घ्यायचा विचार आहे, पण ध्रुवपदात ठसठशीत पॅसिव्ह असलेलं गाणं काही हाती लागत नाहीये. कुणाकडे असेल तर सांगा. गाणं संथ असेल तर उत्तमच, रॅप मात्र एवढ्यात नको.